रेलिंगला मलमपट्टी म्हणू नका

नमस्कार. रत्नागिरीतल्या जुन्या सोसायट्या म्हाताऱ्या माणसांना राहण्याजोग्या कशा करता येतील, यावर मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की रेलिंग आणि रॅम्प ही मलमपट्टी आहे, पुनर्विकास झाला की लिफ्ट येईलच. तोवर ज्यांना जिना झेपत नाही त्यांनी मुलांकडे जावं. आणि वरच्यांच्या सोयीसाठी तळमजल्यावाल्यांनी पैसे का भरायचे?

आधी मुलांकडे जाण्याचं. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16 लाख 97 हजार होती, 2011 मध्ये ती 16 लाख 15 हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. पोटापाण्यासाठी तरुण मुंबई-पुण्याला जातात आणि आईवडील मागे राहतात, हे कोकणात घरोघरी आहे. डोंबिवलीच्या वन बीएचकेत त्यांची खाट कुठे मांडणार? आणि मांडली, तरी ओळखीचा डॉक्टर, दारावर येणारी मासेवाली, हाकेला ओ देणारी शेजारीण हे सगळं पंचाहत्तरीत नव्यानं जमत नाही.

पुनर्विकासाचं गणित तुम्ही मुंबईचं मांडलंत. बिल्डरला विकायला जास्तीचे फ्लॅट मिळतात आणि त्यांना भाव येतो, म्हणून तो जुन्या रहिवाशांना नवं घर बांधून देतो. आपल्याकडच्या बारा बिऱ्हाडांच्या तीन मजली इमारतीत ते सहसा बसत नाही. शिवाय कित्येक ठिकाणी कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालेलंच नाही, ती अजून मूळ मालकाच्या नावावर आहे. 2019 च्या शासन निर्णयानुसार सहकारी सोसायटीला 51 टक्के सभासदांची संमती पुरते, हे खरं. पण जागाच नावावर नसेल तर त्या संमतीचं काय करायचं? सगळं जुळलं, तरी ऐंशीच्या माणसानं बांधकाम होईपर्यंत भाड्याच्या घरात दिवस काढायचे.

आता जिन्याकडे या. आपल्याकडे चार महिने पाऊस. गेटपासून जिन्यापर्यंतच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर जुलैत शेवाळ धरतं, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी. रेलिंग असतं, पण लोखंडी. खाऱ्या वाऱ्यानं त्याला गंज चढतो, पापुद्रे तळहाताला टोचतात, म्हणून माणसं ते धरायचंच सोडतात. त्यात बहुतेक ठिकाणी ते शेवटच्या पायरीच्या अलीकडेच संपतं आणि नेमका तिथेच तोल जातो. रेलिंग पायरीच्या पुढे फूटभर न्यायचं, गॅल्व्हनाइज्ड किंवा चांगल्या स्टीलचं करायचं, पायऱ्यांच्या कडेला रंगाचा पट्टा मारायचा, पावसाळ्यात दर आठवड्याला ब्लीचिंग टाकून घासायचं आणि वीज गेली तरी जळणारा एक बॅटरीचा दिवा लावायचा. कमिटीनं मनावर घेतलं तर महिन्याभरात होणारी ही कामं आहेत. मांडीचं हाड मोडल्यावर जे ऑपरेशन, जे अंथरूण आणि जे परावलंबित्व येतं, ते ज्यांनी घरात पाहिलंय, ते याला मलमपट्टी म्हणणार नाहीत.

रॅम्पबद्दल मात्र एक सांगतो. स्कूटर चढवायला केलेला उतार म्हणजे रॅम्प नव्हे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, म्हणजे दीड फुटी जोत्याला 18 फूट. एवढी जागा नसेल तर उभा उतार करून ठेवण्यापेक्षा बुटक्या, रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना रेलिंग बरं.

पैशांचा मुद्दा. गेट, गटारावरची झाकणं, आवारातला दिवा तळमजल्यावालेही वापरतात, तिथे वाद नसावा. लिफ्टचा खर्च मोठा, परवानगी वेगळी, देखभाल कायमची. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, तिच्या देखभालीचा खर्च इमारतीतल्या सर्वांनी सारखा वाटून घ्यायचा असतो, कुणी लिफ्ट वापरो न वापरो. तळमजल्यावरच्या पेन्शनरला ते जड जातं, हे तुमचं म्हणणं मला पटतं. म्हणूनच लिफ्टचा विषय सभेत सावकाश होऊ दे, पण त्यापायी रेलिंग अडवून ठेवू नका.

राज्य सरकारनं 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी प्रवास मोफत केला. ज्याला तीन जिने उतरून रस्त्यावर येता येत नाही, त्याला त्याचा काय उपयोग?

तुमचे काका इथेच तिसऱ्या मजल्यावर राहतात, असं तुम्हीच लिहिलंय. मे महिन्यात याल तेव्हा त्यांच्या बाथरूमचं दार बघा. ते आत उघडत असेल तर सुताराला बोलावून बाहेर उघडणारं करून घ्या, आणि कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवा. आत पडलेल्या माणसामुळे दार अडलं, तर बाहेरच्यांना ते फोडावं लागतं. एवढ्यासाठी कुणाच्या संमतीची गरज नाही.