नौकेवर घरचा ओटीजी? आधी बॅटरीचा हिशेब करा

‘मरीन ओव्हन म्हणजे निव्वळ लूट. घरचा छोटा ओटीजी घ्या, इन्व्हर्टरला जोडा, फळीवर घट्ट बांधा आणि गॅस एकदाचा नौकेवरून उतरवा.’ छोट्या नौका बाळगणाऱ्यांत हा सल्ला हातोहात फिरतोय. (मरीन ओव्हन म्हणजे खास नौकेसाठी बनवलेला, इथे गॅसवरचा.) त्यातला गॅसचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि त्याच्या आडून बाकीचंही खपून जातं.

आधी इन्व्हर्टर. ओटीजी १५०० वॅटचा धरा. १२ व्होल्टच्या बॅटरीतून एवढी ताकद खेचायची तर १२५ अँपिअर लागतात. इन्व्हर्टर स्वतः जे खातो ते धरून १४०च्या आसपास. कॉइल सारखी पेटलेली नसते, हे मान्य. तरी पाऊण तासाच्या बेकिंगला ६० ते ६५ अँपिअर-तास (बॅटरीतला साठा मोजायचं माप) सहज जातात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी टिकवायची असेल तर ती निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले हाती ५०च. शिवाय करंट जितका जास्त खेचाल, तितकी तिची क्षमता आणखी घटते. एक केक झाला की रात्री दिवे आणि फ्रिज कशावर चालवणार?

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘मग ८०० वॅटचा घ्या.’ त्याने इन्व्हर्टरवरचा ताण कमी होतो, पण वीज फारशी वाचत नाही. ओव्हन तापायलाच जास्त वेळ घेतो आणि तेवढा वेळ त्याच्या पातळ पत्र्यातून उष्णता बाहेर जात राहते. धक्क्याला लागून किनाऱ्यावरची वीज घेणाऱ्यांना मात्र ओटीजी खुशाल चालेल. लिथियम बॅटऱ्यांचा मोठा संच असेल तरीही चालेल. पण मग त्याचा खर्च ‘बचती’त धरायला हवा.

आता गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन साधारण दीडपट, ब्यूटेन दुप्पट. घरात गळती झाली तर खिडकी-दारातून वाट मिळते. नौकेत तो बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, जाऊन बसतो आणि हवेत त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा इलाजही जुनाच आहे: सिलिंडर केबिनपासून पूर्ण बंद अशा कप्प्यात, त्या कप्प्याच्या तळाला थेट नौकेबाहेर जाणारी नळी, ज्योत विझताच गॅस तोडणारा व्हॉल्व्ह, आणि स्वयंपाक झाला की सिलिंडरपाशीच बंद करायची सवय. एलपीजीचा डिटेक्टर खाली लावायचा, कार्बन मोनॉक्साइडचा वर. या दोघांची अदलाबदल करू नका.

आणि गॅस उतरवला म्हणून आगीची भीती संपत नाही. १४० अँपिअरच्या वायरीत एक नट सैल राहिला आणि त्या सांध्याचा रोध ओहमचा शंभरावा भाग जरी झाला, तरी तिथे जवळजवळ २०० वॅट उष्णता तयार होते. तीही बॅटरीशेजारी, जिथे कुणी रोज डोकावत नाही.

‘घट्ट बांधा’ हा सल्ला तर शिडाची नौका कधी न चालवलेल्याचाच वाटतो. एका बाजूला वारा घेऊन नौका तासन्‌तास १५-२० अंश कललेली राहते. बांधलेल्या ओव्हनमध्ये टिनातलं मिश्रण त्याच कलाने जमतं: पातळ कड करपते, जाड बाजू आत कच्ची राहते. वर उकळती पातेली असेल तर विचारायलाच नको. गिंबलवर, म्हणजे झुलत्या आधारावर, टांगलेला ओव्हन नौकेबरोबर न कलता सपाट राहतो. पण त्याचीही एक खोड आहे. झाकण उघडलं की वजन पुढे येतं, ओव्हन पुढे झुकतो आणि तापलेला ट्रे थेट मांडीवर. म्हणून आधी गिंबलची खिटी लावायची, मग झाकण. झोक्याला मागे-पुढे जागा ठेवा, गॅसची लवचीक नळीही थोडी सैल असू द्या. कॅटमरानवर, म्हणजे फारशी न कलणाऱ्या दोन सांगाड्यांच्या नौकेवर, किंवा कालव्यातल्या शांत पाण्यात मात्र गिंबलवर पैसे घालायची खरंच गरज नाही.

राहिली लूट. नुसतं ‘मरीन’ लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नयेत, इतपत हा आरोप मला पटतो. झाकणाला खिटी आहे का, पातेली अडवणारे कठडे आहेत का, आतला पत्रा खाऱ्या हवेत टिकेल का, हे हात लावून बघा. आणि बाहेरच्या मापावर जाऊ नका. तुमचा नेहमीचा ट्रे आत ठेवून पाहा. चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोकळे राहिले नाहीत, तर गरम हवा फिरणार नाही आणि खालच्या बर्नरवर बूड जळेल.