गावरान अंड्याचा भाव आणि गावरान अंड्याचा कस : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार ताई,

माझ्या अंड्यांविषयीच्या लेखनावर आपण सविस्तर लिहिलेत, म्हणून उत्तरही थोडे सविस्तर देतो. 'अंड्याची पौष्टिकता कोंबडीच्या जातीपेक्षा तिच्या खाद्यावर आणि अंड्याच्या ताजेपणावर अधिक अवलंबून असते' हे माझे विधान आपल्याला पटलेले नाही. गावरान अंड्याचा गर्द केशरी बलक हाच त्याच्या कसाचा पुरावा आहे, त्यात कोलेस्टेरॉल नसते आणि ते पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा जास्त दिवस टिकते, असे आपण म्हणता. शिवाय अशा लेखनामुळे अंबाजोगाईच्या बाजारात टोपलीभर अंडी घेऊन बसणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय येतो, असाही आपला आरोप आहे.

बलकाचा रंग आधी घेऊ. ल्युटिन, झियाझँथिन ही पिवळी-केशरी रंगद्रव्ये कोणत्याही जातीच्या कोंबडीला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत; ती पिवळ्या मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून तिच्या पोटात जातात आणि तिथून बलकात उतरतात. आपल्याकडे पावसाळ्यात बांधावरची घोळ, चिघळ आणि उकिरड्यातल्या अळ्या टिपणाऱ्या कोंबडीचा बलक केशरी असतो, आणि एप्रिल-मेमध्ये हिरवे काही उरले नाही आणि ती केवळ ज्वारीच्या दाण्यांवर राहिली, की त्याच कोंबडीचा बलक फिकट होतो. जात बदललेली नसते, खुराडेही तेच असते. उलट पोल्ट्रीच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळला, तर पिंजऱ्यातल्या कोंबडीचा बलकही हवा तितका गर्द करता येतो. त्यामुळे रंगावरून फार तर कोंबडीने काय खाल्ले याचा अंदाज बांधता येईल. अंड्याचा कस त्यावरून ठरवता येणार नाही.

कोलेस्टेरॉलचा दावा मात्र उलट दिशेने जातो. अंड्यातले कोलेस्टेरॉल सगळे पिवळ्या बलकात असते आणि वाढणाऱ्या पिल्लाला ते लागतेच, त्यामुळे त्यावाचून अंडे बनत नाही. गावरान अंडे साधारण 40 ग्रॅमचे आणि पोल्ट्रीचे 55 ग्रॅमच्या आसपास असले, तरी लहान गावरान अंड्यात बलकाचा वाटा, आणि त्याबरोबर कोलेस्टेरॉलचाही, तुलनेने मोठा असतो. ते अंडे अधिक खमंग आणि दाट लागण्यामागे बलकाचा हा मोठा वाटा एक मोठे कारण असल्यामुळे आपल्या जिभेचा निवाडा खोटा नाही. पण प्रथिनांचा हिशेब मांडला, तर गावरान अंड्यातून साडेचार आणि पोल्ट्रीच्या अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. मोजक्या पैशांत लेकरांना अंडी खाऊ घालणाऱ्या आईला दुप्पट भावाचे अंडे 'जास्त ताकदीचे' म्हणून विकणे मला योग्य वाटत नाही, आणि माझा मूळ रोख तिथेच होता.

पोल्ट्रीच्या अंड्याला निःसत्त्व म्हणणेही न्यायाचे नाही. आपल्याच लातूरकडच्या सोयाबीनची पेंड आणि जालन्याकडचा मका त्या कोंबडीच्या खाद्यात जातो, त्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे मोजून घातलेली असतात. मोकळ्या कोंबडीला उन्हामुळे आणि हिरव्या पाल्यामुळे लाभ होतो हे मान्यच आहे: तिच्या बलकात ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-3 वाढते. तेवढ्याच उन्हात आणि पाल्यात पोल्ट्रीची संकरित कोंबडी फिरली, तर तिच्याही अंड्यात ते वाढेल. प्रश्न इतकाच, की ती फिरेल का? लेगहॉर्न या विदेशी जातीपासून निवड करत तयार केलेली, वर्षाला तीनशेहून अधिक अंडी देणारी ती कोंबडी मुंगसाच्या तावडीतून निसटत, बेचाळीस अंशांच्या उन्हात सावली शोधत, वेचून पोट भरणारी नव्हे. गावरान कोंबडी हे सगळे करते, खुडूक बसते, पिल्ले काढते आणि म्हणूनच वर्षाला साठ-ऐंशी अंडीच देते. माझ्या मते जातीचा खरा गुण इथे आहे.

बाजारातल्या बायकांचा भाव त्यामुळेच रास्त ठरतो. त्यांचे अंडे महाग आहे, कारण ते थोडे आहे, त्यामागे राखण आहे, चव आहे. त्यांच्या पोटावर खरा पाय देतात ते शहरातले दुकानदार, जे गिरिराज किंवा ऱ्होड आयलंड रेड या सुधारित जातींची तपकिरी अंडी 'गावरान' म्हणून त्याच भावाला विकतात. कवचाचा तपकिरी रंग हा वंशातून येतो, पौष्टिकतेशी त्याचा संबंध नाही. आपण उल्लेखिलेल्या कडकनाथ या काळ्या कोंबडीच्या जातीचे अंडेही काळे नसते, फिकट मळकट रंगाचे असते. काळी असते ती त्याची कातडी, मांस आणि हाडे. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकनही मांसासाठी आहे, अंड्यासाठी नाही.

आता टिकण्याविषयी, कारण इथे मराठवाड्याचे हवामान आडवे येते. ताजे अंडे सपाट ताटलीत फोडले, तर बलकाभोवतीचा पांढरा भाग घट्ट, उंच उभा राहतो. त्याची उंची आणि अंड्याचे वजन यांवरून ताजेपणा मोजण्याची रेमंड हॉ या संशोधकाची पद्धत 1937 पासून रूढ आहे. उकाड्यात कवचाच्या छिद्रांतून कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) निघून जातो आणि हाच भाग पाण्यासारखा पसरतो, मग अंडे कुठलेही असो. गावरान अंड्याला आणखी एक अडचण असते. कळपात कोंबडा असल्यामुळे ते बहुधा फलित असते, आणि खोलीचे तापमान पंचवीस-सव्वीस अंशांच्या वर राहिले, की उबवल्याशिवायही आत गर्भ वाढू लागतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. अंधाऱ्या खोलीत विजेरीसमोर अंडे धरल्यास रक्ताचे बारीक कडे दिसते, ते याचेच. पोल्ट्रीत कोंबडा नसल्याने हा प्रकार तिथे होत नाही.

म्हणून आपल्या ओळखीच्या ज्या बायका अंडी विकतात, त्यांना माझा निरोप द्यावा, की खाण्याची अंडी विकायची असतील तर उन्हाळ्यापुरता कोंबडा वेगळा डालग्याखाली ठेवावा. कोंबडीच्या शरीरात वीर्य दोन-तीन आठवडे टिकते, तेव्हा हे फाल्गुनातच करावे लागेल. पिल्ले काढायच्या कोंबड्या त्याच्याबरोबर निराळ्या ठेवता येतील. अंडी रोज उचलावीत, पाण्याने धुऊ नयेत, माठाजवळच्या गारव्यात ठेवावीत आणि आठवड्याच्या आत विकावीत.

आपला,
परभणीकर