‘पेशंट एचआयव्ही निगेटिव्ह आहे, विषय संपला’: विषय तिथे संपत नाही

डॉक्टरकीची इंटर्नशिप सुरू झाली की नव्या बॅचच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘ड्युटीवर सुई टोचली तर’. त्यात पाच मुद्दे असतात. जखम दाबून रक्त काढा आणि स्पिरिट लावा. खरा धोका एचआयव्हीचा, पेशंट निगेटिव्ह असेल तर विषय संपला. कावीळ नसलेल्या पेशंटची चिंता नको. हिपॅटायटिस बीची लस लहानपणीच झालेली असते. आणि एचआयव्हीच्या गोळ्या महिनाभर घेतल्या की बी आणि सी दोन्ही कव्हर. खाली ‘सिनिअरकडून आलंय, सेव्ह करून ठेवा’. पाचही मुद्दे चुकीचे आहेत, आणि त्यातले दोन तर एखाद्याचं यकृत घालवू शकतात. (बी आणि सी म्हणजे हिपॅटायटिसचे, यकृतावर हल्ला करणारे आणि रक्तातून पसरणारे विषाणू.)

आधी दुसरा मुद्दा घेऊ, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. ‘३०, ३, ०.३’ हे टक्क्यांचे आकडे व्हायव्हासाठी (तोंडी परीक्षेसाठी) सगळ्यांनी पाठ केलेले असतात. लस न घेतलेल्या माणसाला दूषित सुई टोचली आणि पेशंट एचबीईएजी पॉझिटिव्ह (म्हणजे बीचा विषाणू रक्तात जोरात वाढत असलेला) असला, तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांच्या घरात जाते. सीची ढोबळमानाने ३, आणि अलीकडच्या अभ्यासांत तर त्याहून बरीच कमी. एचआयव्हीची ०.३. म्हणजे ज्या विषाणूच्या नावाने आपल्या पोटात गोळा येतो, तो या तिघांत सुईवाटे सगळ्यात कमी पसरणारा आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही किमान सात दिवस जिवंत राहतो. तरीही वॉर्डात ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ (एचआयव्ही पॉझिटिव्ह) पेशंटचं रक्त काढताना दोन-दोन ग्लोव्हज चढवणारे आपण शेजारच्या बेडवर उघड्या हाताने इंट्राकॅथ (शिरेतली सलाइनची नळी) टाकतो. तो शेजारचा बीचा वाहक असेल तर? आणि ज्याला आपण घाबरलो, तो नियमित एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधांवर) असून त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सापडतही नसेल. शिवाय निगेटिव्ह रिपोर्टलाही विंडो पिरियड असतोच, म्हणजे लागण होऊनही तपासणीत न दिसण्याचा सुरुवातीचा काळ. सोर्स पेशंटच्या (ज्याची सुई टोचली त्याच्या) एचआयव्हीबरोबर एचबीएसएजी (बीची) आणि अँटी-एचसीव्ही (सीची) या दोन्ही तपासण्या त्याच वेळी पाठवायच्या.

कावीळ बघून ठरवणं तर त्याहून वाईट. जुनाट बी आणि सी वर्षानुवर्षं काहीही न दाखवता यकृतात बसून राहतात. उलट डोळे पिवळे झालेला पेशंट पुष्कळदा दूषित पाण्यातून आलेल्या हिपॅटायटिस ए किंवा ईचा असतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती ईची होती. गरोदर बायकांसाठी ई जीवघेणा ठरतो, पण सुईच्या हिशेबात त्याला फारसं स्थान नाही.

आता लस. राष्ट्रीय लसीकरणात हिपॅटायटिस बी २००२-०३ मध्ये मोजक्या ठिकाणी आली आणि देशभर पोचली ती २०११-१२ मध्ये. आज वॉर्डात असलेले इंटर्न त्याआधी जन्मलेले आहेत. ज्यांना लस मिळाली, त्यांतल्या अनेकांना ती आईवडिलांनी खासगी डॉक्टरांकडे पैसे भरून दिलेली. ‘झाली असेल’ म्हणून चालणार नाही, कार्ड शोधा. कार्ड नसेल तर ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस घ्या, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लसीने रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली याची तपासणी) करा. हा टायटर जवळपास सगळेच टाळतात. तो एकदा १० किंवा त्यावर आला, तर पुढे आकडा घसरला तरी निरोगी माणसाला संरक्षण राहतं. १० च्या खाली आला तर पुन्हा तीन डोस आणि पुन्हा टायटर. तरीही आला नाही, तर तुम्ही नॉन-रिस्पॉन्डर, म्हणजे लस लागू न पडलेले. मग एचबीएसएजी पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचल्यावर तुम्हाला इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागणार, शक्यतो २४ तासांच्या आत. ही माहिती रात्री तीन वाजता, बोटातून रक्त येत असताना गोळा करता येत नाही.

गोळ्यांच्या मुद्द्यात अर्धसत्य आहे, म्हणून तो पटकन पटतो. पीईपीतली (सुई टोचल्यावर एचआयव्ही टाळायला घ्यायच्या या गोळ्यांतली) टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन बीवरही चालतात, कारण बी डीएनए विषाणू असूनही एचआयव्हीसारखंच रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएपासून डीएनए बनवणारं एन्झाइम) वापरतो. पण लस आणि इम्युनोग्लोब्युलिनची जागा या गोळ्या घेत नाहीत. यात आणखी एक खोच आहे. तुम्ही स्वतःच नकळत बीचे वाहक असाल, तर २८ दिवसांनी गोळ्या थांबताच दबलेला विषाणू उसळून तीव्र हिपॅटायटिस होऊ शकतो. म्हणून पीईपी सुरू करताना स्वतःचं एचबीएसएजी बघायचंच. रिपोर्टसाठी पहिला डोस मात्र अडवायचा नाही. तो दोन तासांत घेतला तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही.

सीला यातलं काहीच लागू नाही. त्याचा आरएनए पेशीच्या केंद्रकात जातच नाही आणि त्याला रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजही नाही. लस नाही, इम्युनोग्लोब्युलिन नाही, पीईपी नाही. तीन ते सहा आठवड्यांनी एचसीव्ही आरएनए, चार ते सहा महिन्यांनी अँटी-एचसीव्ही, एवढा पाठपुरावा करायचा. लागण निघालीच तर सोफोसबुव्हिर-डॅक्लाटासव्हिरसारख्या गोळ्यांनी साधारण १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांच्या आसपास लोक पूर्ण बरे होतात. राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. पाठपुरावा चुकवणाऱ्याला मात्र आपल्याला सी आहे हेच कळत नाही.

राहिला पहिला मुद्दा. ग्लोव्हज काढा, नळ सोडा, साबणाने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. पिळण्याने आणि जळजळणाऱ्या द्रवांनी ऊतींना इजा होते, फायदा काही होत नाही. मग ड्युटीवरच्या सिनिअरला सांगा आणि रजिस्टरमध्ये नोंद करा, ओरडा बसणार असला तरी. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने सुरक्षित कामाची साधनं आणि पीईपी देणं ही संस्थेची जबाबदारी आहे, तुमच्यावरचा उपकार नाही. ते औषध तुमच्या रुग्णालयात रात्री कुठे असतं आणि कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.