करणी काढून घेण्याची अचूक पद्धत

लोकलच्या डब्यात दाराशेजारी बंगाली बाबांचं पत्रक चिकटलेलं असतं: सवत, सासू, वशीकरण, धंद्यातली बंदिश, सगळं चोवीस तासांत. नंबर उतरवून घ्या. आपल्यावर करणी झाली आहे असं ठरलंच असेल, तर पुढची पथ्यं पाळा.

पहिलं पथ्य, आधी मौलवींना विचारू नका. सिहर, म्हणजे जादू, खोटी आहे असं म्हणून ते तुम्हाला वाटेला लावणार नाहीत. उलट खरी आहे म्हणतील, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतली 102 वी आयत काढून दाखवतील. बाबेलमधले हारूत आणि मारूत हे दोन फरिश्ते जादू शिकवण्याआधी बजावायचे, ‘आम्ही निव्वळ परीक्षा आहोत, तू काफिर होऊ नकोस.’ गिऱ्हाइकाला आधीच सावध करणारा दुकानदार! बाबांना हे परवडणार नाही. मग मौलवी इलाज सांगतील: झोपताना आयतुल कुर्सी ही कुराणातली आयत, मग इख्लास, फलक आणि नास या तीन सूरा म्हणून ओंजळीत फुंकर, हात अंगावरून फिरवायचे, असं तीनदा. सकाळी सात अजवा खजूर. पठण स्वतःच करायचं, खर्च काय तो खजुराचा. एवढ्या स्वस्तात कुणाची करणी उतरते का?

तेव्हा बाबांकडेच जा. ते आईचं नाव विचारतील. मौलवी ज्याला भोंदूपणाची पहिली खूण मानतात, ती हीच. तुम्ही मात्र चटकन सांगा. अबजद पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला किंमत असते. करीम म्हणजे 20, 200, 10, 40, मिळून 270. आई मरियम, 290. बेरीज 560, भागिले 12, बाकी 8, म्हणून आठवी रास, वृश्चिक. इथे बाबा मान हलवतात. बाकी काहीही उरो, मान हलतेच. ‘करणी नाही’ असं उत्तर देणारी बाकी या गणितात नाही.

यानंतर करणी कुणी केली ते विचारा. मदिनेत लबीद बिन आसमने पैगंबरांवर करणी करायला कंगव्याला केस गुंडाळून, नर खजुराच्या फुलोऱ्याच्या वेष्टनात घालून ते जरवानच्या विहिरीत टाकले, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांविषयीची परंपरेने आलेली नोंद, आहे. विहीर बुजवली गेली, आणि लोकांमध्ये वाईट पसरू नये म्हणून पैगंबरांनी गाजावाजा टाळला. तुमच्याकडे असा कंजूसपणा नको. तुमच्या प्रकरणात जाऊ निघेल. ती नसेल तर शेजारीण.

जस्साससारखे विद्वान मुळीच वाचू नका. दहाव्या शतकातला हा हनफी, म्हणजे सुन्नी कायद्याच्या एका पंथाचा, पंडित म्हणे, जादू म्हणजे बहुतेक हातचलाखी. मूसाशी सामना करणाऱ्या फिरऔनच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, जादूगारांच्या दोऱ्या वळवळल्या त्या आत भरलेल्या पाऱ्यामुळे. असं वाचलं की अंगात आलेलं उतरतं, आणि बाबांचा हप्ता बुडतो.

हिशेबही नीट ठेवा. भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन काही विचारलं तर 40 रात्रींची नमाज कबूल होत नाही, असं हदीस सांगते. बाबांचा चिल्ला, म्हणजे एकांतातलं अनुष्ठान, तोही 40 दिवसांचाच. मापात माप बसतं. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मध्ये आला तर बाबांना सहा महिने ते सात वर्षं आणि पाच ते पन्नास हजार दंड होऊ शकतो. पण तक्रार कुणीतरी करायला हवी, आणि जाऊबाईंना कळेल म्हणून तुम्ही ती करणार नाही.

आता ताबीज. ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’ या पूर्ण वाक्याची अबजद बेरीज 786. त्यातून 30 वजा करा, 4 ने भागा, 189 येतात. तिथून 204 पर्यंतचे आकडे सोळा घरांत अशा क्रमाने भरायचे की आडवी, उभी, तिरपी, प्रत्येक बेरीज 786 यावी. पहिली ओळ 196, 199, 202, 189. केशर-गुलाबपाण्यात लिहिलं तर जास्त पैसे. एकच घर चुकलं की सगळा चौकोन बिघडतो, म्हणून ताबीज मेणकापडात शिवून देतात आणि वर दम भरतात की उघडलात तर असर जाईल.

तरी एखाद्या रात्री उसवलंत आणि तिसऱ्या ओळीची बेरीज 785 आली, तर बाबांना फोन करू नका. करणी इतकी जबर होती की एक आकडा खाऊन गेली, असं ते सांगतील. आणि त्या एकाचे पैसे वेगळे.