आमच्या पगाराला एस्कलेशनचं कलम का नाही?

गेल्या आठवड्यात एका रस्त्याच्या कामाचं एस्कलेशनचं, म्हणजे काम चालू असताना झालेल्या भाववाढीचं, बिल काढत बसले होते. आमच्या ऑफिसात टेंडर भरणारी आणि बिलं काढणारी माणसं तीच, त्यामुळे हेही काम आमच्याकडेच असतं. पीडब्ल्यूडीच्या प्राइस व्हेरिएशनच्या कलमात मजुरी, साहित्य, इंधन, डांबर, सिमेंट, स्टील यांची वेगवेगळी सूत्रं असतात. मजुरीचं सूत्र औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेलं आहे. तो निर्देशांक शिमल्याचा लेबर ब्युरो काढतो. टेंडरच्या वेळचा आकडा एल-झिरो, काम चालू असतानाचा एल-वन. निर्देशांक वाढला की त्या प्रमाणात कंत्राटदाराला जास्तीचे पैसे मिळतात. कुणाच्या हातापाया पडायला लागत नाही. कलम आहे, सूत्र आहे, आकडे घालायचे आणि बिल लावायचं.

शेजारी आमचा ज्युनिअर बसला होता. लातूरकडचा मुलगा, सिव्हिलचा डिप्लोमा, आमच्याकडे येऊन दीड वर्ष झालं. स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मॅडम, आपल्याला असलं काही नसतं का?"

त्या वेळी "अरे, आधी हे बिल जाऊ दे" म्हणून विषय संपवला. पण घरी येताना लोकलमध्येही तेच डोक्यात होतं. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

त्याचा पगार 22,000. पीएफचे 1,800 आणि व्यवसाय कराचे 200 गेले की हातात 20,000. नवी मुंबईत कामोठ्यात चार मुलं मिळून वन बीएचके घेतलाय, भाडं 18,000, म्हणजे त्याच्या वाट्याला साडेचार हजार. दोन वेळच्या डब्याचे 3,600. गावी 5,000 पाठवतो. उरले 6,900. त्यात सकाळचा नाश्ता, लाइट बिल, गॅस, मोबाइल, पास, शेअर रिक्षा, आणि दिवाळीला गावी जायचं तिकीट. घराच्या डिपॉझिटमधला त्याचा हिस्सा 15,000 होता, ते चुलत्याकडून उसने आणले. त्यातले निम्मे अजून फेडायचेत. या मुलाला कसलंही व्यसन नाही, उधळपट्टी नाही. हिशेबाचा इतका पक्का मुलगा, तरी त्याचा महिना कसाबसा भागतो.

आता तो काय काम करतो ते सांगते. दोन महिन्यांपूर्वी एका रिटेनिंग वॉलचं, म्हणजे माती अडवणाऱ्या भिंतीचं, टेंडर होतं. सादर करायला दोन दिवस उरले होते. रात्री साडेआठला हा ड्रॉइंग घेऊन माझ्याकडे आला. मुख्य सळ्या ड्रॉइंगमध्ये 16 एमएमच्या आणि आमच्या शीटमध्ये 12 च्या धरलेल्या. कुणीतरी जुनं शीट कॉपी केलं होतं. आमच्यातल्या सगळ्यांना डी-स्क्वेअर बाय 162 (सळीच्या व्यासाचा वर्ग भागिले 162) पाठ असतं: 12 च्या सळीचं वजन मीटरला 0.89 किलो, 16 चं 1.58. म्हणजे आम्ही 40 टन धरलेलं स्टील प्रत्यक्षात 71 टन होतं. 31 टनांचा फरक. किलोला 60 रुपये धरले तरी साडेअठरा लाख. ड्रॉइंगवर त्या सळीच्या आकड्याभोवती त्याने पेन्सिलने तीनदा गोल काढला होता. आपलंच काही चुकतंय का, म्हणून त्याने तीनदा मोजलं होतं.

साडेअठरा लाख म्हणजे त्याचा सात वर्षांचा पगार. ती चूक तशीच गेली असती तर आमचा भाव कमी दिसून टेंडर आम्हालाच लागलं असतं आणि तो सगळा तोटा कंपनीच्या अंगावर आला असता. त्या महिन्याच्या स्लिपवर 22,000 च होते.

माझंही लपवत नाही. मी अकरा वर्षं या कामात आहे. 2019 साली हातात 34,000 यायचे, आज 49,000 येतात. त्याच काळात आमच्या घराचं भाडं 11,000 वरून 19,000 झालं. शेवटची वाढ एकदम अडीच हजारांची. कारण विचारलं तर घरमालक म्हणाले, "ताई, विमानतळ सुरू झालं ना आता." डिसेंबर 2025 मध्ये विमानं उडायला लागली आणि कामोठ्यातल्या प्रत्येक एजंटच्या तोंडी तेच वाक्य आलं. म्हणजे तेव्हा पगारातले 32 टक्के भाड्यात जायचे, आता 39.

आणखी एक आकडा. 2019 मध्ये आपल्याकडे रिक्षाचं किमान भाडं 18 रुपये होतं. मग 21, मग 23, आणि फेब्रुवारी 2025 पासून 26. वाढ झाली 44 टक्के. माझ्या पगारातली वाढही 44 टक्केच. पण या काळात मी ज्युनिअरची सीनियर झाले. तेव्हा मी क्वांटिटी काढायचे, आता अख्खं टेंडर माझ्या सहीने पुढे जातं, माझ्या हाताखाली तिघं आहेत. त्या जबाबदारीचा, त्या अनुभवाचा एक रुपयाही मला मिळालेला नाही. मिळाली ती फक्त रिक्षाच्या मीटरइतकी भाववाढ.

रिक्षावाल्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यांच्या भाड्याला खटुआ समितीचं सूत्र आहे आणि ते असायलाच हवं. किमान वेतनातला विशेष भत्ता महागाईप्रमाणे दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. (तो साइटवरच्या मजुराच्या हातात खरंच किती पडतो, यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल. तो मिळायलाच हवा, त्याचा हक्क आहे.) केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना महागाई भत्ता आहे. घरभाडं शहराच्या वर्गाप्रमाणे मिळतं, ठाणे-नवी मुंबई मुंबईबरोबर एक्स, म्हणजे सगळ्यात वरच्या, वर्गात धरतात आणि 2024 मध्ये महागाई भत्ता 50 टक्क्यांवर पोहोचल्यावर ते मूळ पगाराच्या 30 टक्के झालं. सीपीडब्ल्यूडी, म्हणजे केंद्राचं बांधकाम खातं, तर इमारतीचा अंदाज काढताना शहरागणिक वेगळा कॉस्ट इंडेक्स लावते. शहर बदललं की खर्च बदलतो, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पण आमच्या कंपनीत चंद्रपूरच्या साइटवरचा इंजिनिअर आणि बेलापूरच्या ऑफिसातला एस्टिमेटर (खर्चाचा अंदाज काढणारा) एकाच ग्रेडमध्ये, एकाच पगारावर. साइटवरच्याला राहायला खोली, मेसचं जेवण, वर साइट भत्ता. त्याला ते मिळतं म्हणून वाईट वाटत नाही, उन्हातान्हात तोही राबतो. पण ऑफिसवाल्याला यातलं काहीच नाही आणि त्याच पगारातून नवी मुंबईचं भाडं भरायचं.

असं का होतं, तेही मला आतून दिसतं. दहा टेंडरं भरली की एक-दोन लागतात. न लागलेल्या आठ-नऊ टेंडरांवर आम्ही घातलेल्या रात्री मालकांना वाया गेलेला खर्च वाटतात. त्यात सगळीकडे बिलो, म्हणजे सरकारी अंदाजापेक्षा कमी भावाने, भरायची चढाओढ. 15-20 टक्के बिलो जायचं ठरलं की सिमेंटचा, सळीचा भाव कमी करता येत नाही, मग कात्री लागते ती हेड ऑफिसच्या ओव्हरहेडला, म्हणजे ऑफिसच्या खर्चासाठी धरलेल्या टक्क्याला. त्या ओव्हरहेडमध्ये आमचे पगार बसलेले असतात. कितीतरी वेळा मालक शेजारी उभे असताना मीच तो टक्का चारचा तीन केलाय. ते बटण दाबताना पोटात कालवतं, हे खरं सांगते.

माझं म्हणणं असं की निदान घरभाड्याचा भाग शहराप्रमाणे ठरवा, आणि वर्षातून एकदा पगार त्याच निर्देशांकाने वाढवा, जो निर्देशांक लावून आपण सरकारकडून पैसे घेतो. कामगिरीची वाढ त्याच्या वर, वेगळी. हे सूत्र आमच्या प्रत्येक अकाउंटंटला पाठ आहे, नवीन काही शोधायचं नाही. कलमाप्रमाणे मिळणाऱ्या एस्कलेशनमधला थोडासा भाग ते काढणाऱ्या माणसापर्यंत आला तर कंपनी बुडणार नाही.

पुढच्या महिन्यात आमचं अप्रेझल आहे. या वेळी एक पानाचं शीट करून नेणार आहे, ज्युनिअरचंही आणि माझंही. त्यात एल-झिरो, एल-वन सगळं असेल.

त्यासाठी तुमची मदत हवी आहे. ठाणे, नवी मुंबई, पनवेल भागात एस्टिमेशन, क्यूएस (क्वांटिटी सर्व्हे), बिलिंग करणाऱ्यांनी खाली फक्त तीन आकडे लिहा: किती वर्षं काम करताय, हातात किती येतात, घरभाडं किंवा हप्ता किती. कंपनीचं नाव नको, स्वतःचं नाव द्यायचं नसेल तर मला मेसेज करा. रविवारपर्यंत आलेले सगळे आकडे शीटमध्ये घालते.