मालवण सहलीला १ स्टार: तुमच्या तक्रारीवर माझं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. होडीत बसताना माणशी २०० रुपये जास्तीचे घेतले, मुलगा पाण्यात खडकावर उभा राहिला म्हणून आमचा माणूस सगळ्यांदेखत ओरडला, शेजारच्या होडीभोवती माशांची झुंबड असताना आपल्या होडीतून ब्रेड टाकू दिला नाही, असं तुम्ही लिहिलंत. आणि शेवटी विचारलंत, "आमच्या गावात टँकरची वाट बघतात, आम्हाला समुद्र वाचवायला कशाला सांगता?"

पैशांचं आधी सांगतो. चूक आमची आहे. ते २०० रुपये जालन्यातून गाडी निघण्याआधीच सांगायला हवे होते, पत्रकात ती ओळच नव्हती. तुमच्या पाच जणांचे १००० रुपये मी माझ्याकडून परत करतो. होडीवाल्यांकडून मागणार नाही, कारण ते पैसे कामाला लागलेत. पूर्वी स्नॉर्कलिंगच्या, म्हणजे तोंडाला नळी लावून पाण्याखालचं बघायच्या जागी प्रत्येक होडी नांगर टाकायची. नांगर प्रवाळावर पडतो आणि वाऱ्यानं होडी फिरली की त्याचा दोर, साखळी तळ खरवडत जाते. आम्ही ज्यांच्या होड्या घेतो, त्यांनी मिळून तिथं बोये, म्हणजे दोरानं तळाशी बांधलेले तरंगते गोळे बसवलेत. होडी बोयाला बांधायची, नांगर टाकायचा नाही. पावसाळ्याआधी बोये काढायचे, कुजलेले दोर बदलायचे, पुन्हा बसवायचे. हा खर्च दर वर्षी असतो आणि तो एकट्या होडीवाल्यानं सोसावा असं मला वाटत नाही.

तुमच्या मुलावर आवाज चढवायला नको होता. त्याबद्दल मनापासून माफी मागतो, त्या माणसाशीही बोललो आहे. पण नियम तोच राहील. ताई, तो खडक नव्हता. प्रवाळ म्हणजे हजारो इवल्या जिवांची वसाहत. दगडासारखा भाग त्यांनी बांधलेला सांगाडा असतो आणि त्यावर कातडीसारखा पातळ जिवंत थर असतो. पाय किंवा पोहताना पायात घालायची फिन घासली की तो थर सोलून निघतो. गोल गोळ्यासारख्या वाढणाऱ्या जाती वर्षाला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे टोपलीएवढा गोळा व्हायला कैक वर्षं जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत.

ब्रेडचं थोडक्यात सांगतो. पोपट माशासारखे काही मासे प्रवाळाच्या आसपासचं शेवाळ खरवडून खातात, म्हणून प्रवाळाला जागा मिळते. आयतं खाणं टाकलं की धीट मासे तेवढे गोळा होतात, पाणी घाण होतं आणि माशांची सवय बिघडते. शेजारच्या होडीभोवती मासे जास्त होते, हे खरंय. तरी आम्ही ब्रेड टाकणार नाही.

आता टँकरचं. तुमचा हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला, कारण मीही टँकरच्याच गावचा. आपल्याकडं पाणलोटाची कामं झाली तेव्हा गावानं आधी काय केलं? चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. डोंगराचा एक तुकडा काही वर्षं सोडायचा, शेळ्या न्यायच्या नाहीत. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त ओरड शेळ्यावाल्यांचीच असते, आणि ती रास्तही असते. पुढं गवत येतं, ओघळ थांबतात, खालच्या विहिरींना पाणी टिकतं.

समुद्रातही हेच करून पाहिलेले लोक आहेत. फिलिपिन्समधल्या आपो बेटावरच्या मच्छीमारांनी १९८२ साली आपल्याच प्रवाळाचा एक भाग मासेमारीला बंद केला. अँजेल अल्काला या शास्त्रज्ञानं त्यांना समजावलं, पण राखण गावानं केली. आतले मासे वाढले, तसे ते हद्दीबाहेर येऊन जाळ्यातही मिळू लागले. पुढं बघायला येणाऱ्यांकडून शुल्क घेणं सुरू झालं. मालवणात १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, पण मासेमारीवर गदा येईल म्हणून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. मी त्यांना दोष देत नाही. रापणीचं जाळं अख्खी वाडी मिळून ओढते आणि मासळी वाटून घेते, त्या लोकांना एकत्र राखणं शिकवायची गरज नाही. राखून पोट भरतं, एवढं दिसायला हवं. तुमचे २०० रुपये त्यासाठीच होते.

बोयांनी सगळं वाचेल असं म्हणत नाही. समुद्राचं पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभर असं चौथ्यांदा होत असल्याचं जाहीर झालं. ते मालवणातून थांबणार नाही. पण नांगरानं आणि पायांनी आधीच जखमी झालेलं प्रवाळ त्यातून सावरणं जास्त अवघड, एवढं नक्की.

आणखी एक, जे तुम्ही लिहिलं नाहीत. आमच्या पत्रकावरचा निळ्या पाण्याचा फोटो अंदमानचा होता. मालवणचं पाणी गढूळसर असतं, प्रवाळ खडकांवर ठिकठिकाणी तुकड्यांनी दिसतं. तो फोटो काढून टाकला. नव्या पत्रकात २०० रुपयांची ओळ पहिल्याच पानावर आहे, आणि अंगाला सनस्क्रीन फासण्याऐवजी (ते पाण्यात उतरतं) पूर्ण बाह्यांचा शर्ट आणा, हेही लिहिलंय.

पैसे परत पाठवायला तुमचा नंबर आमच्या वहीत आहेच, सोमवारी मीच फोन करतो. मुलाशीही बोलायचंय. तो परतीच्या होडीत तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला विचारत होता, बोया वाहून जात नाही तो कशामुळं. होडी धक्क्याला लागली आणि उत्तर राहून गेलं.