मासे पाण्यात असतात

"अहो, मासे पाण्यात असतात. तुम्ही दोरी हवेत काय फिरवताय?"

काठाच्या अगदी कडेला एक गृहस्थ उभे. डोक्यावर लालभडक टोपी, सूर्य पाठीशी, आणि सावली बरोब्बर त्या डोहावर, जिथे दगडाआड प्रवाहाकडे तोंड करून एक ट्राउट वरचे किडे टिपत होता. होता, म्हणजे त्या क्षणापर्यंत.

त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. फ्लायला, म्हणजे गळावर बांधलेल्या खोट्या किड्याला, वजन असं नसतंच, वजन लाइनचं, म्हणजे या दोरीचं. लाइन मागे पुरती उलगडू द्यायची, क्षणभर थांबायचं, मग रॉड पुढे. घाई केली की चाबकासारखा फटकारा बसतो आणि फ्लाय तुटून जाते.

"मग टोकाला दगड बांधा ना!"

टोकाला ५एक्स टिपेट होतं, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक धागा, जाडी जेमतेम ०.१५ मिलिमीटर.

"एवढी बारीक?"

"माशाला दिसू नये म्हणून."

"पण तुम्ही दिसता की त्याला!"

हे दोन्ही हात हलवत, टोपीसकट! पाण्याखालून माशाला वरचं जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून, गोल खिडकीसारखं दिसतं. पाण्यालगतचं सगळं खिडकीच्या कडेला चेपलं जातं, म्हणूनच तर ओणवं होऊन, माशाच्या मागून, खालच्या अंगाने जायचं असतं. मी गुडघ्याएवढ्या गार पाण्यात कंबर मोडून उभा, आणि हे काठावर ताठ. वर बूट आपटून चिखल झाडणं चालूच. ते हादरे माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला आधी कळतात.

याच जातीची अंडी १८६४ साली शेवाळात गुंडाळून, बर्फात ठेवून, जहाजाने इंग्लंडहून टास्मानियाला नेली होती. अर्धी पृथ्वी ओलांडूनही त्यातली काही जगली. एका टोपीपुढे मात्र ट्राउटचं काही चालत नाही.

"मिळाला तर खाणार?"

"सोडणार. हात ओले करून धरायचा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळालाही अडकवणारा उलटा काटा ठेवलेला नाही."

"म्हणजे पकडायचा, ओल्या हाताने कुरवाळायचा आणि सोडायचा?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "घरी माहीत आहे का हे?"

मग खोली किती ते बघायला त्यांनी डोहात धोंडा टाकला. चांगला मोठा.

आता तिथे थांबण्यात अर्थ नव्हता. लाइन गुंडाळून मी वरच्या डोहाकडे निघालो. तेही निघाले. म्हणाले, "चला, मला आवाज न करता बघायला आवडतं."